अमेरिकेत सरकारी नोकरी आणि पिस्तुलाचं परमिट: लिओसाची सूट कुणाला, कागदपत्रं कोणती

इकडे अमेरिकेत आपल्या लोकांची मुलंमुली आता पोलिसात, शेरीफकडे, फेडरल एजन्सीत नोकरीला लागतायत, त्यामुळे घरोघरी हा प्रश्न निघतो की सरकारी नोकरी असली की दुसऱ्या राज्यात पिस्तूल बाळगायला तिथलं परमिट लागत नाही ना? तर नुसत्या सरकारी नोकरीने काहीही सूट मिळत नाही. डीएमव्हीतला (गाडीचं लायसन्स देणारं खातं) क्लार्क, पोस्टमन, सरकारी शाळेतले शिक्षक यांना इतर नागरिकांचेच नियम.

सूट आहे ती 2004 च्या फेडरल कायद्याने, लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर्स सेफ्टी ॲक्ट, बोलताना सगळे लिओसा म्हणतात. यात पात्र अधिकारी कुठल्याही राज्यात पिस्तूल कपड्याआड लपवून बाळगू शकतो, त्या राज्याचं परमिट नसलं तरी. उघड्यावर मिरवायची मुभा यात नाही. मशीनगन आणि सायलेन्सरही यात बसत नाहीत.

पात्रतेत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अटक करायचा कायदेशीर अधिकार. तो हवा, शिवाय काम गुन्ह्याचा तपास, प्रतिबंध, खटला किंवा कैद याच्याशी संबंधित हवं, एजन्सीने शस्त्र बाळगायची परवानगी दिलेली हवी, नेमबाजीची नियमित टेस्ट असेल तर ती पास हवी, आणि पोलिसी अधिकार जाऊ शकतील अशी खात्याची कारवाई चालू नको. तुरुंगातले अधिकारी किंवा लष्कराचे सिव्हिलियन पोलीस बसतात का हे म्हणूनच पदाच्या नावावरून नाही ठरत, अधिकार बघावे लागतात. आणि हो, दारू किंवा नशेच्या अमलाखाली असाल तर त्या वेळेपुरती सूट संपली.

नोकरीत असताना वेगळा अर्ज नाही. कागद एकच, एजन्सीचं फोटो असलेलं ओळखपत्र, ज्यावर पोलीस किंवा लॉ एन्फोर्समेंट अधिकारी असल्याची नोंद आहे. नुसता बॅज चालत नाही, ओळखपत्र अंगावर पाहिजे, घरी ड्रॉवरमध्ये असून उपयोग नाही.

निवृत्तांचं जरा किचकट आहे. एकूण 10 वर्षं सेवा (वेगवेगळ्या एजन्सीतली मिळून चालते) आणि चांगल्या रेकॉर्डवर नोकरी सोडलेली हवी, ड्युटीमुळे अपंगत्व येऊन प्रोबेशननंतर बाहेर पडलेल्यांना 10 वर्षांची अट नाही. मग दोन कागद: जुन्या एजन्सीचं फोटो ओळखपत्र, आणि गेल्या 12 महिन्यांत नेमबाजीची टेस्ट पास झाल्याचा दाखला. टेस्ट दरवर्षी, खर्च स्वतःचा. माझं कळकळीचं सांगणं आहे की ओळखपत्र निवृत्तीच्या वेळीच मागून घ्या आणि त्यावरचा मजकूर तिथेच वाचून बघा, कारण तुम्ही अधिकारी होतात हे त्यावर नसेल तर सगळी वर्षं कागदावर दिसतच नाहीत. न्यू जर्सी निवृत्तांकडून राज्याचं वेगळं परमिट मागत होतं, 2024 मध्ये थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाने लिओसाचे निकष पूर्ण करणाऱ्यांना त्याची गरज नाही असा निकाल दिला, म्हणजे कागद नीट असले की कायदा खरंच पाठीशी उभा राहतो.

आता सूट कुठे थांबते ते बघा. राज्य सरकारच्या किंवा नगरपालिकेच्या इमारतीत, पार्कात राज्य बंदी घालू शकतं, आणि राज्याच्या कायद्यात तशी सोय असेल तर खासगी जागेचा मालकही नको म्हणू शकतो. फेडरल कायदे तर तसेच लागू राहतात, म्हणजे फेडरल इमारतीत किंवा विमानाच्या केबिनमध्ये लिओसाच्या नावावर जाता येत नाही.

भारतात सुट्टीला जाताना तर हे कार्ड अजिबात कामाचं नाही. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे, त्याचं कलम 45 लोकसेवकाला सूट देतं पण ती ड्युटीवर असतानाची आणि भारतातल्या लोकसेवकाला, अमेरिकन पोलिसाला नाही. म्हणून निघायच्या आधी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून बघा, शूटिंग रेंजवरून आल्यावर राहिलेलं एखादं जिवंत काडतूस मुंबई एअरपोर्टवर सापडलं तरी गुन्हा दाखल होऊ शकतो.