गाणं वाजलं, पैसे कुठे? हक्क संस्थेचं सदस्यत्व आणि गाण्याची नोंदणी

हक्क संस्थेचं, म्हणजे गाणं वाजवणाऱ्यांकडून शुल्क घेऊन ते गीतकार-संगीतकारांना वाटणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व मिळालं की रॉयल्टी आपोआप सुरू होते, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात पैसे येतात ते प्रत्येक गाण्याच्या नोंदीवर. नोंदच नसेल किंवा चुकीची असेल, तर गाणं रोज रेडिओवर वाजूनही गीतकाराच्या खात्यात काही पडत नाही.

अर्ज करू शकतात गीतकार, संगीतकार आणि त्यांचे संगीत प्रकाशक. नुसते गायक किंवा वादक इथे पात्र नाहीत. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे आणि ते सांभाळणाऱ्या संस्थाही वेगळ्या. गीतकार-संगीतकारांच्या हक्क संस्था म्हणजे भारतात आयपीआरएस, ब्रिटनमध्ये पीआरएस, अमेरिकेत एएससीएपी, बीएमआय वगैरे. अमेरिकेत गीतकाराला एका वेळी एकाच संस्थेत राहता येतं. परदेशात गाणं वाजलं तर तिथली संस्था परस्पर करारानुसार पैसे तुमच्या संस्थेकडे पाठवते.

कागदपत्रं साधीच लागतात: ओळखपत्र, कर क्रमांक, बँक खात्याचा पुरावा आणि बऱ्याच ठिकाणी एखादं गाणं प्रसिद्ध झाल्याचा पुरावा. टोपणनावाने लिहीत असाल तर ते अर्जातच द्या. बँक खात्यावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव वेगळं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. सदस्य झाल्यावर आयपीआय हा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक मिळतो. पुढे तुमची ओळख नावापेक्षा या क्रमांकावरच पटवली जाते.

खरी काळजी घ्यायची ती गाण्याच्या नोंदणीत. शीर्षक, पर्यायी शीर्षकं, प्रत्येक लेखकाचं (म्हणजे गीतकार किंवा संगीतकाराचं) नाव, आयपीआय क्रमांक, शब्द की संगीत ही भूमिका आणि टक्क्यांत वाटा, एवढं भरावं लागतं. गाणं पूर्ण होईल त्याच दिवशी वाट्यांचा कागद करून सगळ्यांच्या सह्या घ्या. समजा एकाने स्वतःचा वाटा ६० टक्के लिहिला आणि दुसऱ्याने ५०, तर बेरीज ११० होते आणि वाद मिटेपर्यंत पैसे अडकू शकतात. मोजण्याची पद्धतही तपासा. बीएमआयमध्ये लेखकांचे १०० आणि प्रकाशकांचे १०० असे एकूण २०० टक्के धरतात. तिथे एकट्या गीतकाराने एकूण १०० टक्के धरण्याच्या सवयीने ५० भरले, तर लेखकांचा अर्धा वाटा बेवारस राहतो.

नोंद झाली की रचनेला आयएसडब्ल्यूसी हा आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो: टी हे अक्षर, नऊ अंक आणि शेवटी एक तपासणी अंक. आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाचा क्रमांक असतो. एकाच रचनेची चार ध्वनिमुद्रणं असतील तर आयएसडब्ल्यूसी एक आणि आयएसआरसी चार. दोन्हींची जोडणी करून ठेवली तर वाजलेलं गाणं ओळखायला सोपं जातं.

दुसऱ्या बाजूला हॉटेलं, सभागृहं, वाहिन्या संस्थेकडून ब्लँकेट परवाना घेतात. एकदा शुल्क भरलं की संस्थेच्या यादीतलं कोणतंही गाणं वाजवता येतं. शुल्क जागेचा आकार, प्रेक्षकसंख्या किंवा उत्पन्न यांवर ठरतं. त्यातून कामकाजाचा खर्च वजा करून उरलेली रक्कम वादनाच्या नोंदींनुसार वाटली जाते. टीव्ही आणि चित्रपटांसाठी निर्माता क्यू शीट देतो: कोणतं संगीत, किती सेकंद, पार्श्वभूमीला की ठळकपणे. ती दिलीच नसेल तर गाणं हिशेबात येणं कठीण, म्हणून प्रसारणानंतर निर्मात्याकडे तिची प्रत मागा. मैफलीच्या गाण्यांची यादी बऱ्याच संस्थांत सदस्य स्वतः भरू शकतो. मुदत मात्र पाळावी लागते.

पैसे वादनानंतर काही महिन्यांनी येतात. विवरणपत्र आलं की फक्त रक्कम पाहू नका, कोणती गाणी त्यात नाहीत ते शोधा. राहिलेल्या गाण्यासाठी प्रसारणाची तारीख, वाहिनी आणि आयएसडब्ल्यूसी देऊन दावा लगेच दाखल करा, कारण दाव्यांनाही मुदत असते.