जँगोमधील सेटिंग्ज व सामायिक व्हेरिएबल

जँगो हे पायथन भाषेतील वेब फ्रेमवर्क (वेबसाइट उभारण्याचा तयार सांगाडा) अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात घडले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याची मूळ खूण अजून शिल्लक आहे: जँगोच्या अंगभूत सेटिंग्जमध्ये वेळेचे क्षेत्र ‘अमेरिका/शिकागो’, म्हणजे कॅन्ससच्या बहुतेक भागाची वेळ, असते. नवा प्रकल्प सुरू करताना मात्र तेथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहून मिळते; भारतीय वेळ हवी असल्यास ‘एशिया/कोलकाता’ करावे लागते.

प्रकल्पभर लागू होणारी मूल्ये ‘सेटिंग्ज डॉट पाय’ या फाइलमध्ये ठेवतात. ही साधी पायथन फाइल असते, पण तिच्यातील फक्त कॅपिटल अक्षरांतली नावेच जँगो सेटिंग म्हणून धरतो. आधी अंगभूत मूल्ये घेतली जातात, मग प्रकल्पाची त्यांवर चढतात. कोणती फाइल वाचायची हे एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने (प्रोग्रामला बाहेरून, सिस्टिमकडून मिळणाऱ्या मूल्याने) ठरते, त्यामुळे विकासासाठी एक आणि प्रत्यक्ष सर्व्हरसाठी दुसरी अशा वेगळ्या फाइल ठेवता येतात. अ‍ॅप चालू असताना सेटिंग्ज बदलू नयेत. चाचण्यांत तात्पुरता बदल हवा असेल, तर त्यासाठी वेगळी सोय आहे.

नवशिके सर्वाधिक फसतात ते सामायिक व्हेरिएबलपाशी. भेट देणाऱ्यांची संख्या एखाद्या ग्लोबल (सगळ्या कोडला सामायिक असलेल्या) व्हेरिएबलमध्ये मोजली, तर स्वतःच्या संगणकावर ती बरोबर येते. सर्व्हरवर मात्र गनिकॉर्नसारखा प्रोग्राम त्याच अ‍ॅपच्या अनेक प्रोसेस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रती, चालवतो. प्रत्येकीची मेमरी स्वतंत्र, म्हणून प्रत्येकीचा आकडाही वेगळा; प्रोसेस पुन्हा सुरू झाली की तो पुसलाच जातो. बदलती माहिती म्हणूनच डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या सामायिक कॅशमध्ये (सर्व प्रोसेसना वापरता येणाऱ्या झटपट साठ्यात) ठेवणे हाच खरा उपाय. साइटचे नाव वगैरे सर्व टेम्प्लेटमध्ये (पानांच्या साच्यांत) हवे असेल, तर कॉन्टेक्स्ट प्रोसेसर, म्हणजे साच्यांना ही मूल्ये पुरवणारे फंक्शन, वापरतात. रिक्वेस्टसह (ब्राउझरकडून आलेल्या मागणीसह) टेम्प्लेटमधून पान तयार होताना तो दर वेळी चालतो. त्यात डेटाबेसची जड क्वेरी घातली, तर ती जवळपास प्रत्येक पानाला भोवते.

सेटिंग्जमधील ‘सीक्रेट की’, म्हणजे अ‍ॅपची गुप्त किल्ली, सर्वांत नाजूक. पासवर्ड बदलण्याच्या दुव्यांवरील सही (दुवा खरा असल्याची सांकेतिक खूण) तिच्यावर अवलंबून असते. ती सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंटमधून घ्यावी. एकदा गिटमध्ये (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) गेलेली की फाइलमधून पुसली तरी इतिहासात राहते, म्हणून ती बदलण्याला पर्याय नाही. २०२२ च्या ४.१ आवृत्तीपासून जुन्या कीची यादी काही काळ सोबत ठेवता येते, त्यामुळे साधारण बदलात आधीच्या सह्या लगेच बाद होत नाहीत. की फुटली असेल, तर मात्र ती या यादीतही ठेवू नये.