पोटासाठी गहू बंद: हे पथ्य आलं कुठून

हल्ली पोट बिघडलं, गॅस झाले, जेवल्यावर फुगल्यासारखं वाटलं की कोणीतरी लगेच सांगतं, गहू बंद कर, ग्लूटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) सोड. आणि बऱ्याच जणांना खरंच बरं वाटतं. पण बरं नेमकं कशामुळे वाटलं हे फारसं कोणी बघत नाही, आणि या पथ्याचा इतिहास वाचला की लक्षात येतं, तेवढं एक न कळल्यामुळे किती लहान मुलांचे हाल झाले.

लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये सीलिॲक आजाराचं, म्हणजे ज्यात ग्लूटेनमुळे आतडं झिजतं हे आज आपल्याला माहीत आहे त्या आजाराचं, नीट वर्णन छापलं. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय वाळलेले, शी पातळ, फिकट, भरपूर आणि भयंकर वासाची, मूल वाढतच नाही. हा आजार बरा व्हायचा असेल तर खाण्यापिण्यातूनच होईल असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय, पिठूळ पदार्थ कमी द्या असंही लिहिलंय, म्हणजे अगदी जवळ पोचले होते. पण त्यांनी भात आणि साबुदाणा नको म्हटलं आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पातळ ब्रेड चालेल म्हटलं! त्यांनीच एका मुलाची हकिगत दिलीय, त्याला रोज लिटरभर डच शिंपले खायला घालायचे आणि तो छान सुधारला, शिंपल्यांचा सीझन संपला तसा परत आजारी पडला, आणि पुढच्या सीझनला तो शिंपल्यांना तोंडच लावेना. माझ्या मते शिंपल्यांनी पोट भरल्यावर ब्रेड कमी जात असणार, बाकी काही नाही.

पुढे १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर सिडनी हास यांनी केळ्यांचं पथ्य मांडलं. पोर्टो रिकोमध्ये ब्रेड खाणाऱ्या शहरी लोकांना पोटाचा असाच आजार होतो आणि केळी खाऊन राहणाऱ्या शेतकऱ्यांना होत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग त्यांनी ब्रेड, बिस्किटं, बटाटे, सगळी धान्यं बंद करून मुलांना भरपूर केळी दिली आणि जी पोरं हातची जाणार असं वाटत होतं ती उठून बसली. हे फार मोठं काम होतं, त्यांचं श्रेय कोणी काढून घेऊ नये. पण त्यांना वाटलं गुण केळ्यांचा आहे, म्हणून मूल सुधारलं की त्याला परत सगळं खायला द्यायची मुभा होती, आणि त्यात गहूही आलाच, म्हणजे आतड्याची झीज पुन्हा चालू.

खरं कोडं सुटलं नेदरलँड्समध्ये. विलेम डिके हे हेगच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, १९३६ मध्ये अवघ्या ३१ व्या वर्षी तिथले प्रमुख झाले. त्याच सुमारास एका आईने त्यांना सांगितलं की ब्रेड बंद केला की माझं मूल सुधारतं. त्यांनी ते उडवून लावलं नाही, गव्हाशिवायचं पथ्य देऊन बघायला लागले आणि १९४१ मध्ये त्यावर पहिला लेखही छापला. मग १९४४-४५ चा तो उपासमारीचा हिवाळा आला, जर्मनांनी अन्न अडवलेलं, लोक ट्युलिपचे कंद आणि बीट खाऊन जगत होते, हजारो माणसं भुकेने गेली, आणि त्या सगळ्यात डिकेंची सीलिॲकची मुलं मात्र सुधारत होती कारण ब्रेडच मिळत नव्हता. मदत म्हणून ब्रेड आला आणि ती पुन्हा आजारी पडली.

बरेच लोक शोधाची गोष्ट इथेच संपवतात, मला त्यानंतरचं काम जास्त मोठं वाटतं. डिकेंनी मुलांना महिनोन्महिने आळीपाळीने गहू देऊन आणि बंद करून वजनाचे आलेख ठेवले, शी गोळा करून त्यात किती चरबी न पचता बाहेर पडते ते मोजलं, आणि १९५० मध्ये उट्रेख्टला प्रबंध दिला. गहू आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) त्रास देतात, तांदूळ आणि मका देत नाहीत. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिठातला स्टार्च धुऊन वेगळा काढला आणि दाखवलं की दोष स्टार्चचा नाही, उरलेल्या चिवट ग्लूटेनचा आहे.

पण हे सीलिॲकचं झालं. ज्यांना सीलिॲक नाही आणि तरी गहू सोडून बरं वाटतं त्यांचं काय? इथे मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाचं काम येतं. पीटर गिब्सन आणि सू शेपर्ड यांनी २००५ मध्ये फॉडमॅप ही कल्पना मांडली, म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे आंबून गॅस करणाऱ्या ठराविक साखरा. २०११ मध्ये याच गटाला वाटलं होतं की सीलिॲक नसलेल्यांनाही ग्लूटेनच त्रास देतं. मग त्यांनीच २०१३ मध्ये ३७ जणांना आधी फॉडमॅप कमी असलेलं जेवण दिलं आणि नंतर कोणाला काय मिळतंय ते न सांगता ग्लूटेन देऊन बघितलं, तर ग्लूटेनचा म्हणून वेगळा असा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. स्वतःचंच आधीचं म्हणणं असं परत तपासणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. संशय गेला तो गव्हातल्या फ्रुक्टानवर, म्हणजे फॉडमॅपपैकीच एका साखरेवर, आणि फ्रुक्टान कांद्यात आणि लसणातही भरपूर असतं. म्हणजे चपाती सोडून कांदा-लसूण मसाल्याच्या रश्श्याबरोबर भाकरी खाणाऱ्याचं पोट बरं का राहत नाही ते कळतं. फ्रुक्टान तेलात उतरत नाही, त्यामुळे तेलात अख्ख्या पाकळ्या परतून बाहेर काढल्या तर फोडणीला वास मिळतो आणि पोटालाही सहसा त्रास होत नाही.

फॉडमॅपचं हे पथ्य कायमचं कधीच नव्हतं, दोन ते सहा आठवडे कडक आणि मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, शक्यतो आहारतज्ज्ञाला विचारून. सीलिॲकचं उलट आहे, ते जन्मभर आणि काटेकोर. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहेत हे नशीबच, पण गिरणीत ज्वारी गव्हावर दळली तर पिठात गहू येतोच आणि डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, त्यामुळे असा पेशंट घरात असेल तर हे दोन्ही बघावं लागतं. आणि गहू सोडायच्या आधी सीलिॲकची रक्ताची टेस्ट करून घ्या, प्लीज, कारण ती गहू खाण्यात असतानाच खरी येते, सोडून काही महिने झाले की आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि मग नुसत्या टेस्टसाठी परत कित्येक आठवडे गहू खाऊन त्रास सोसावा लागतो.