बी नसलेल्या फळाची तिजोरी

कोकण-गोव्यातल्या माणसाला नीरफणसाची ओळख करून द्यायला नको. साल काढून चकत्या करायच्या, मीठ, हळद, तिखट चोळायचं, रव्यात घोळवून तव्यावर खरपूस परतायच्या. मासे न खायच्या वारी सुरमईची उणीव भरून काढणारं याहून चांगलं काही नाही, असं माझं मत. पण या कापांत आठळी कधी लागत नाही.

नीरफणस आणि आपला फणस, दोघेही ‘आर्टोकार्पस’ प्रजातीतले. तोच चीक, शेकडो फुलं एकत्र येऊन बनलेलं तसंच फळ. फरक गुणसूत्रांत आहे. बिनबियांच्या बहुतेक नीरफणसांमध्ये गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. परागकण आणि बीजांड तयार होताना तीन संचांची सारखी वाटणी होत नाही, त्यामुळे बी धरत नाही. फळ मात्र परागीकरणावाचूनही पोसतं.

मग नवं झाड येतं कुठून? मुळातून. जमिनीलगत पसरलेल्या मुळाला जखम झाली की तिथे फुटवा येतो. तो काढून लावायचा. पॅसिफिकच्या दर्यावर्दी लोकांनी असेच फुटवे होड्यांतून बेटोबेटी नेले. न्यू गिनीकडच्या बियांनी गच्च भरलेल्या रानटी फळापासून सुरुवात करून, पिढ्यान् पिढ्या निवड करत त्यांनी शेकडो वाण घडवले.

युरोपीय लोकांची नजर या झाडावर पडली ती वेगळ्याच हिशेबाने. कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात पोटभर काय घालायचं, हा मळेवाल्यांचा प्रश्न होता. लंडनच्या क्यू उद्यानाची सूत्रं हलवणाऱ्या जोसेफ बँक्सच्या पुढाकाराने ‘बाउंटी’ हे जहाज विल्यम ब्लायच्या हाताखाली ताहितीला गेलं. फुटवे कुंड्यांत रुजेपर्यंत खलाशी तिथे पाच महिने रमले. जहाजावरची कप्तानाची मोठी खोली चक्क रोपवाटिका झाली होती. हजाराहून जास्त रोपं घेऊन जहाज निघालं आणि २८ एप्रिल १७८९ रोजी बंड झालं. बंडखोरांनी ब्लायला होडीत बसवून सोडून दिलं आणि रोपं समुद्रात फेकली. ब्लाय हट्टी होता. ‘प्रॉव्हिडन्स’ जहाजातून तो पुन्हा गेला आणि १७९३ मध्ये रोपं सेंट व्हिन्सेंट बेटावर उतरवली. तिथलं वनस्पती उद्यान १७६५ पासूनचं आहे. एवढा खटाटोप करून आणलेलं फळ गुलामांना सुरुवातीला मुळीच रुचलं नाही! त्यांनी केळी आणि कंदच पसंत केले.

ब्लायने आणलेले वाण मात्र मोजकेच होते. फुटवा म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल. त्यामुळे कॅरिबियनमधली असंख्य झाडं मूठभर झाडांच्याच नकला ठरतात, आणि एकाला मारणारा रोग शेजारच्यालाही सोडणार नाही.

अशा पिकाचं जतन करायचं कसं? गहू-भाताचं बियाणं सुकवून थंड तिजोरीत ठेवता येतं, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बर्फाळ डोंगरात तेच केलं जातं. नीरफणसाला बीच नाही. ज्या थोड्या वाणांना बी येतं, तेही आपल्या फणसाच्या आठळीसारखंच, सुकवलं की मरतं. म्हणजे वाण राखायचा तर झाडच राखायला हवं.

हे काम हवाईतल्या माउई बेटावरच्या काहानू उद्यानात चालतं. डायेन रेगोन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकापासून पॅसिफिकची बेटं पालथी घालून वाण गोळा केले. आज तिथे सुमारे १५० वाणांची झाडं उभी आहेत. त्यांतले काही त्यांच्या मूळ बेटांवरून नाहीसे झालेत. २००३ मध्ये याच संग्रहाच्या आधारावर नीरफणसाची स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली.

झाडं शेजारी-शेजारी असल्याने वाणांची तुलनाही होते. काही आधी फळतात, काही उशिरा, म्हणून योग्य वाण निवडले तर वर्षातला बराच काळ फळ मिळू शकतं. ‘माआफाला’ या सामोआ-टोंगाकडच्या वाणाची आता ऊतिसंवर्धनाने, म्हणजे झाडाच्या इवल्याशा तुकड्यापासून, बाटलीत रोपं बनतात आणि दूरदेशी जातात. मुळाला जखम करून फुटव्याची वाट बघत बसायला नको.

आपल्याकडे अजून शेजाऱ्याकडून फुटवा मागून आणायचीच रीत आहे. तो जगला की परसात एक झाड वाढतं, आणि शेजाऱ्याच्या झाडाची ती हुबेहूब नक्कल असते.