कामाचा थकवा : मापन व संशोधन

कामामुळे काम करण्याची क्षमता आणि इच्छा घटत जाणे म्हणजे कामाचा थकवा. रात्रीच्या झोपेने उतरतो तो नेहमीचा शीण. सुट्टीनंतरही अंगात राहतो तो साचलेला थकवा. संशोधकांना खरी डोकेदुखी या दुसऱ्याची असते, कारण तो ज्याला आलेला असतो त्यालाच त्याचा नीट अंदाज नसतो.

इटलीतील तूरिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थकवा मोजणारा ‘एर्गोग्राफ’ बनवला. हात जखडून ठेवायचा, मधल्या बोटाने ठरावीक ठेक्यात वजन उचलायचे आणि प्रत्येक उचल कागदावर रेघेने उमटवायची. दमत जाईल तशा रेघा आखूड होतात. तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाच्या रेघाही लवकर आखडल्या. बोटाने तर काहीच काम केले नव्हते!

आज सर्वाधिक वापरली जाते ती दक्षता चाचणी. १० मिनिटे पडद्याकडे पाहायचे; २ ते १० सेकंदांच्या अनियमित अंतराने खूण उमटते, ती दिसताच बटण दाबायचे. ५०० मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला तर ती ‘चूक’ धरतात. सरासरी वेळेपेक्षा अशा चुकांची संख्या जास्त बोलकी असते. चाचणी बिघडते ती साध्या कारणांनी : आदल्या तासात घेतलेली कॉफी, शेजारची बडबड, दर वेळी बदललेला फोन (पडद्याचा स्पर्श नोंदवायला लागणारा वेळ उपकरणागणिक वेगळा असतो). कामाच्या पाळीच्या सुरुवातीची नोंद नसेल तर शेवटची नोंद निरुपयोगी. पहाटे ३ ते ६ मध्ये शरीराचे घड्याळच मंदावलेले असते, म्हणून रात्रपाळीच्या आकड्यांची दिवसपाळीशी थेट तुलना करू नये.

नुसते ‘किती झोप येते?’ असे विचारून भागत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी प्रौढांना १४ दिवस रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोपू दिले. चाचणीतल्या चुका रोज वाढत गेल्या आणि शेवटी एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीपर्यंत पोहोचल्या. झोप येत असल्याची भावना मात्र काही दिवसांतच जवळपास स्थिरावली. ‘मला सवय आहे’ हे रात्रपाळीवाल्याचे वाक्य प्रामाणिक असते, पण पुरावा म्हणून कुचकामी.

थकव्याबरोबर कामाचा ताणही मोजतात; त्यासाठी मुख्यतः प्रश्नावल्या वापरतात. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांच्या १९७९ च्या मांडणीनुसार कामाचा रेटा जास्त आणि स्वतः ठरवण्याची मुभा कमी, हा जोड सर्वांत घातक. याच विषयाचे अभ्यासक योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये कष्ट आणि मोबदला यांतील तफावतीवर बोट ठेवले. मोबदल्यात पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही धरली. प्रश्नावली मुकादमाच्या देखत भरून घेतली की उत्तरे गुळमुळीत येतात. ताण आणि आजार दोन्ही त्याच माणसाच्या तोंडून एकाच वेळी घेतले, तर वैतागलेला माणूस दोन्हीकडे वरचे आकडे भरतो आणि दोहोंतला संबंध आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. म्हणून रजेच्या नोंदी किंवा रक्तदाब वेगळा तपासावा.

शिवाय सर्वेक्षणाच्या दिवशी हजर असतात ते टिकलेले कामगार. ज्यांना झेपले नाही ते आधीच गेलेले असतात, त्यामुळे सर्वांत वाईट विभागही निरोगी दिसू शकतो. गेल्या काही वर्षांत नोकरी सोडलेल्यांची आणि विभाग बदलून घेतलेल्यांची यादी आधी मागवावी. ती न मिळाल्यास अहवालात तसे स्पष्ट लिहावे.