क्वेन्यावरची बंदी: नोल्दोर आणि सिंदार यांच्यातल्या दुराव्याची पार्श्वभूमी

टोल्किनने रचलेल्या काल्पनिक जगातल्या, मध्य-भूमीतल्या एल्फ या अमर लोकांचं वैर सांगायला बसलं की सुरुवात बहुधा सिल्मारिल नावाच्या तीन रत्नांपासून होते. रत्नांपायी रक्त सांडलं, हे खरंच. पण नोल्दोर (पश्चिमेला जाऊन परतलेले एल्फ) आणि सिंदार (मध्य-भूमीतच राहिलेले) यांची मनं दुभंगली ती नावांवरून आणि भाषेवरून. नोल्दोरांची भाषा क्वेन्या, सिंदारांची सिंदारिन.

पश्चिमेच्या देवतुल्य शक्तींनी बोलावल्यावर तिकडे कोण निघालं, वाटेत कोण थांबलं, ही वंशावळ वाचकांना पाठ असते. पश्चिमेतल्या दोन प्रकाशमान झाडांचा उजेड पाहिलेले ते कालाक्वेंदी, न पाहिलेले मोरिक्वेंदी, म्हणजे अंधारातले. ही वाटणी उजेड पाहून आलेल्यांनीच केली. बेलेरियांदमध्ये, म्हणजे मध्य-भूमीच्या पश्चिम टोकाच्या प्रदेशात, राहिलेल्यांना ‘सिंदार’, म्हणजे करडे, हे नावही नोल्दोरांनीच दिलं. ते लोक स्वतःला एधिल म्हणत. परतलेल्या नोल्दोरांच्या सभेत एका राजपुत्राने दोरिआथ या सिंदारांच्या राज्याच्या राजाला, थिंगोलला, अंधारातला, गुहेतला एल्फ म्हणून हिणवलं. खरं तर हा राजा उजेड पाहून आला होता. सगळे लोक निघण्याआधी जे तीन दूत पश्चिमेला नेले गेले, त्यांतला एक तोच.

आता बंदीचं. मध्य-भूमीकडे परत निघताना नोल्दोरांनी पश्चिमेतल्या अल्क्वालोंदे बंदराच्या धक्क्यावर जहाजांसाठी तेलेरींची, म्हणजे सिंदारांच्याच भाऊबंदांची, कत्तल केली. त्या नगराचा अधिपती दोरिआथच्या राजाचा सख्खा भाऊ. नोल्दोरांनी ही गोष्ट वर्षानुवर्षं दडवून ठेवली. शेवटी ती राजासमोर उघड झाली ती त्याच्याच पुतणीच्या मुलांकडून, आणि त्यांचे हात तर स्वच्छ होते. राजाने त्यांना तेवढ्यापुरतं दूर केलं, नातं तोडलं नाही. मात्र क्वेन्या आपल्या कानावर पडता कामा नये, राज्यात कुणी ती उघडपणे बोलू नये आणि तिच्यातल्या बोलण्याला सिंदारांनी उत्तरही देऊ नये, असा हुकूम त्याने काढला.

या हुकुमावर वाचकांत आजही वाद होतो. अपराध काहींचा आणि जीभ सगळ्यांची कापली, हा आक्षेप नेहमीचा. मला तो अर्धाच पटतो. ज्या भाषेत भावाच्या माणसांना मारण्याचे हुकूम सुटले, ती दरबारात ऐकायची नाही, हे सुतकच होतं. शिवाय भाषा मारली ती एकट्या बंदीने, असंही नाही. सूर्य पहिल्यांदा उगवल्यापासून वीस वर्षं लोटल्यावर जो मोठा मेळावा भरला, त्यात नोल्दोरसुद्धा जास्त करून सिंदारिनच बोलत होते. त्यांनी ती पटकन उचलली, सिंदारांना क्वेन्या जड गेली. बंदीने चालू प्रवाहावर शिक्का मारला. क्वेन्या विद्येची आणि सरदारांच्या आपसातल्या बोलण्याची भाषा म्हणून उरली. गोंदोलिन या नोल्दोरांच्या गुप्त नगराच्या राजघराण्यात मात्र ती रोजच्या वापरात होती.

आणि राजाची प्रजा आज ओळखली जाते ती ‘सिंदार’ या नावाने. हा शब्द त्याने बंदी घातलेल्या भाषेतला आहे.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. टोल्किनच्या 1930च्या दशकातल्या मसुद्यांत आजच्या सिंदारिनच्या जागची भाषा ‘नोल्दोरिन’ होती, म्हणजे नोल्दोरांची स्वतःची. ती 1950च्या आसपास करड्या एल्फांकडे गेली. मग नोल्दोर परक्यांची भाषा का बोलतात, याला कारण हवं होतं. बंदीची कथा ते कारण पुरवते, आणि म्हणूनच ती मला इतकी महत्त्वाची वाटते. 1977 साली टोल्किनच्या मृत्यूनंतर छापलेल्या ‘द सिल्मारिलियन’ या ग्रंथात ही बंदी सगळ्यांसमोर आली. नावांचा गुंता उलगडणारा दीर्घ निबंध मात्र थेट 1994 साली छापून आला.

पहिल्या युगाच्या अखेरीस बेलेरियांद समुद्रात बुडाल्यावरही अढी टिकली. दुसऱ्या युगात काही सिंदार पूर्वेच्या मोठ्या अरण्यात जाऊन वन-एल्फांत मिसळले. पश्चिमेचं बोलावणं येण्याआधीचं साधं जगणं त्यांना हवं होतं. तरी त्यांच्या राजघरात सिंदारिनच चाले. एल्फ आणि माणसांनी मिळून सौरॉन या दुष्ट सत्ताधीशाविरुद्ध लढलेल्या ‘शेवटच्या आघाडी’च्या युद्धात या अरण्याचा राजा नोल्दोरांच्या महाराजाच्या हुकमाखाली उभा राहायला राजी नव्हता. चढाईचा इशारा होण्याआधीच तो मोजक्या शूरांसह पुढे घुसला आणि पडला. युद्ध संपल्यावर त्याचा मुलगा सैन्य घेऊन घरी परतला, तेव्हा निघालेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरले होते.