पुंगळी-तपासणी (पिस्तुलाची काडतुसे)

पिस्तुलाचे काडतूस झाडल्यावर मागे उरलेली पितळी पुंगळी पुन्हा भरण्याजोगी आहे की नाही, हे ठरवण्यासाठी केलेली पाहणी. प्राइमर (तळाशी बसवलेली, आघाताने पेटून दारू पेटवणारी छोटी टोपी), दारू आणि गोळी एकाच बारात खर्ची पडतात. पुंगळी तेवढी उरते.

हे पितळ साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे असते. बार उडताना पुंगळी फुगून चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या पोकळीला, घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरताच किंचित आकसते, म्हणूनच ती बाहेर निघते. भरताना तिला साच्यात दाबून मापावर आणतात, तोंड जरा रुंदावतात आणि गोळी बसवून ते पुन्हा आवळतात. या ओढाताणीत तोंडाकडचे पितळ कडक होत जाते व शेवटी त्याला उभी चीर पडते. केसाएवढी चीर असली तरी पुंगळी बाद. मूठभर पुंगळ्या खुळखुळवल्या तर चिरलेली बद्द वाजते. सरावलेला कान ती डोळ्याआधी पकडतो.

तोंडाची चीर दिसते तरी. तिच्यामुळे सहसा गोळीची पकड सैल होते, इतकेच. खरा धोका बुडाशी असतो. काडतूस ज्या उतारावरून चेंबरमध्ये सरकते, तिथे काही पिस्तुलांत पुंगळीच्या भिंतीला पुरता आधार नसतो. दाब जास्त झाला की ती त्याच जागी फुगते. साच्यात घातल्यावर फुगवटा दिसेनासा होतो, पण ताणलेले पितळ पूर्ववत होत नाही. त्यामुळे ही पाहणी साच्याआधीच करावी लागते. प्राइमर बसवताना हाताला विरोध जाणवला नाही, तर तळातली त्याची खाच सैल झाली असे समजून पुंगळी टाकून देतात.

सरमिसळ हे वेगळेच दुखणे. ९×१९ मिमी काडतुसाची पुंगळी सुमारे १९.१५ मिमी लांब, तर .३८० एसीपी या दुसऱ्या काडतुसाची १७.३ मिमी, ढिगात दोन्ही सारख्याच भासतात. .४५ एसीपीत प्राइमरची खाच लहान व मोठी अशा दोन मापांची आढळते. तळाशी मधोमध एक छिद्र असले तर ती बॉक्सर पद्धतीची, तिच्यातून जुना प्राइमर सुईने ढकलून काढता येतो. दोन बारीक छिद्रांच्या, बर्डन या दुसऱ्या पद्धतीच्या पुंगळीत प्राइमर काढणारी सुई मोडते. पितळी मुलाम्याची पोलादी पुंगळी लोहचुंबकाला लागते.

अमोनियायुक्त द्रावणाने पुंगळ्या धुणे टाळतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेने भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे न झाडताच तडकत. घोड्यांच्या मुतातील अमोनिया आणि पितळात उरलेला ताण यांची ही करणी होती. तिचा उलगडा १९२१ मध्ये झाला.

बाद पुंगळीचे तोंड तिथल्या तिथे पकडीने चेपतात, नाहीतर ती हमखास चांगल्या ढिगात परत जाते.